नकाशात निळे नाही म्हणजे पाणी आलेच नव्हते?

पावसाळा आला की व्हॉट्सॲपवर उपग्रहाचे पूरनकाशे फिरू लागतात. पाणी निळ्या रंगात, आणि खाली ठरलेला मजकूर: ‘उपग्रहाला सगळे दिसते. निळे नाही तिथे पूर नाही. आपला प्लॉट निळ्यात नाही, मग पूररेषेची भीती कशाला?’ कोल्हापूर-सांगलीच्या माणसाने तरी हे खरे मानू नये. मी स्वतः हे नकाशे वापरतो, त्यांची किंमत जाणतो, म्हणूनच लिहितो आहे.

‘उपग्रहाला सगळे दिसते.’ ऑगस्टमध्ये कॅमेऱ्याच्या उपग्रहाला आपल्याकडे ढगच दिसतात. म्हणून पुराचे नकाशे बहुतेक वेळा सेंटिनेल-1 सारख्या रडार उपग्रहावरून करतात. रडारच्या लहरी ढगांतून पार होतात. संथ पाणी त्या लहरी आरशासारख्या पलीकडे परतवते, उपग्रहाकडे फारसे काही येत नाही, आणि चित्रात तो भाग काळा दिसतो. नकाशात आपण त्यालाच निळा रंग देतो.

आता शिरोळ, करवीर, वाळवा इथले नदीकाठ डोळ्यांसमोर आणा. मळीच्या, म्हणजे गाळाच्या जमिनीत नुसता ऊस. सेंटिनेल-1 ची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची. एवढी आखूड लहर उसाच्या पाल्यावर आपटून तिथूनच परत फिरते. फडात कंबरेएवढे पाणी असले तरी चित्र सांगते, ‘पीक उभे आहे’. कधी पाणी आणि खोड मिळून लहर जोरात परतवतात, मग बुडालेला भाग उलट अधिक उजळ दिसतो. गावठाणात आणि शहरातल्या गल्ल्यांत भिंतींमुळे तेच होते. म्हणजे ज्या उसाचा पंचनामा व्हायला हवा आणि ज्या घरात पाणी शिरले, नेमके तेच निळ्यातून सुटण्याची शक्यता जास्त. याच्या उलट चूकही होते: गुळगुळीत डांबर किंवा डोंगराची सावली काळी दिसते आणि कोरडी जागा निळी रंगते.

‘चित्रात सगळा पूर टिपला गेला आहे.’ चित्र एका क्षणाचे असते. एक सेंटिनेल-1 उपग्रह त्याच मार्गावर 12 दिवसांनी परत येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णा कित्येक दिवस धोका पातळीच्या वर होत्या, म्हणून तो पूर सापडला. रात्री चढून सकाळी उतरलेला ओढा सापडत नाही.

‘उंचीचा नकाशा पाहिला, आमचे घर वर आहे.’ मोफत मिळणाऱ्या उंचीच्या माहितीत खूप वापरली जाते ती फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून 11 दिवसांत रडारने मोजलेली. तिचा एक चौकोन साधारण 30 मीटरचा, झाडे आणि छपरे त्यातच धरलेली, आणि चूक काही मीटरपर्यंत जाऊ शकते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. दोन्हींत अंतर चार फुटांचे, म्हणजे सव्वा मीटरही नाही. जो नकाशा मीटरांनी चुकतो, त्याच्यावर उंबरा ठरवायचा?

‘लाल रेषेचा पूर 100 वर्षांतून एकदाच.’ नाही. लाल रेषा म्हणजे पूररेषेच्या सरकारी नकाशातली मोठ्या पुराची हद्द; तिथवर पाणी येण्याची शक्यता दर वर्षी शंभरात एक, असा तिचा अर्थ. 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती शक्यता 26 टक्क्यांवर जाते. कोल्हापूरने तर 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर 16 वर्षांत पाहिले.

उपग्रह वरून गेला की त्याचा नकाशा तालुक्याचे चित्र काही तासांत देतो, बोटी कुठे पाठवायच्या ते सांगतो. घराघरातली खोली मात्र भिंतीवरची गढूळ रेघच सांगते, आणि दिवाळीच्या रंगरंगोटीत ती पुसली जाते. रंग लावण्याआधी उंबऱ्यापासून त्या रेघेपर्यंत टेप लावा, फोनवरून ठिकाण नोंदवा, तारीख लिहा आणि कागद ग्रामपंचायतीत द्या. नकाशा दुरुस्त करणाऱ्याला उसाखालचे पाणी त्या कागदावरूनच कळेल.