कोरा चाखल्याशिवाय पत्ती कळत नाही : संकेश्वरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मनापासून आणि सविस्तर लिहिलेली आहे. तिला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला बरोबर वाटेना, म्हणून हे वेगळं लिहिते. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी रोजच्या वापरातली काळी पत्ती, ग्रीन टी, गवती चहा आणि कषाय (धने-जिऱ्यांचा काढा) हे सगळं बिनदुधाचं, बिनसाखरेचं चाखून त्यांच्या चवी शेजारी शेजारी मांडल्या होत्या. काकांचा संकेश्वरात बसस्टँडजवळ बरीच वर्षं चहाचा गाडा होता. ते म्हणतात, आपल्या भागात कोरा चहा पितंय कोण, मग तो चाखून ठरवायचं काय? काळ्या पत्तीला उकळतं पाणी आणि ग्रीन टीला कोमट, ही तुलना न्यायाची कशी? कषाय तर चहाच नव्हे. ग्रीन टीचे शुगरवरचे आणि वजनावरचे फायदे मी लिहिले नाहीत. आणि एकूण हे पुण्या-मुंबईचं फॅड आहे, गल्लीतल्या माणसाच्या कामाचं नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तोच मला लागला.

चहा चाखणं हे पैशाचं काम आहे आणि जुनं आहे. कोलकात्यात चहाचे लिलाव १८६१ पासून होतात, गुवाहाटीचं लिलाव केंद्र १९७० चं. बागेतून आलेल्या मालाचा नमुना आधी चाखला जातो आणि मग त्याचा भाव ठरतो. चाखणारे तो घोट आवाज करत जोरात ओढून घेतात, म्हणजे वाफ नाकापर्यंत जाते आणि वासही कळतो. पुढे तो माल घाऊक व्यापाऱ्याकडे, पाकीटवाल्यांकडे आणि शेवटी आपल्या बेळगावच्या रविवार पेठेत येतो. या साखळीत पत्ती न चाखता पैसे मोजणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे आपण. महिन्याचं वाणसामान भरताना चहाच्या पाकिटावर जे पैसे जातात ते काही थोडे नसतात. ज्याला किलोमागे शंभर रुपयांचा फरक जाणवतो, त्यालाच त्या शंभर रुपयांत काय मिळालं हे कळायला हवं. म्हणून मला वाटतं की हे ज्ञान गल्लीतल्या माणसाच्या घरात आधी पोचलं पाहिजे.

आता कोऱ्या चहाबद्दल. तो प्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही. मी स्वतः सकाळी दुधाचाच पिते, आलं ठेचून. पण पत्ती विकत घेताना ती पहिल्यांदा कोरी चाखायची. चटणी सढळ घातली की रश्श्यातलं मटण ताजं की शिळं ते कळत नाही, तसंच दूध, साखर आणि आल्याखाली पत्तीचं होतं.

हे का होतं तेही सांगते. चहाच्या पानात कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं असतात. पान चुरडलं की त्यातल्याच एका विकराने (एन्झाइमने) हवेतल्या प्राणवायूशी त्यांची क्रिया होते आणि थिआफ्लेविन व थिआरुबिजिन तयार होतात. पहिल्यामुळे चहाला चकाकी आणि जिभेवरचा तरतरीतपणा येतो, दुसऱ्यामुळे रंग आणि भरीवपणा. आपण घरोघरी जी दाणेदार पत्ती वापरतो ती सीटीसी, म्हणजे क्रश-टिअर-कर्ल. १९३० च्या दशकात आसामात निघालेली ही पद्धत. दातेरी रुळांच्या जोड्यांमधून पान चिरडत, फाडत, गुंडाळत नेतात, त्यामुळे ही क्रिया झपाट्याने आणि पुरेपूर होते. दूध घातलं की दुधातलं केसीन हे प्रथिन या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, जिभेवरचा तुरटपणा निवतो. रोजच्या चहासाठी हे छानच आहे. पण खराब पत्तीचा जळका, कुबट किंवा फुळकवणी गुणही त्याच दुधाआड जातो.

दुधाची परीक्षा मी वगळत नाही, हे तुम्ही मागच्या लेखात कदाचित घाईत वाचलं असेल. आपल्याकडच्या पत्तीसाठी ती हवीच. कोरा चाखून झाला की त्याच कपात चमचाभर दूध घालायचं आणि रंग बघायचा. चांगल्या सीटीसीचा रंग तांबूस-केशरी, उजळ होतो. सुमार पत्तीचा राखाडी, मातकट होतो. चव घेण्याआधी डोळ्यांनीच निम्मं कळतं. तुम्ही गाड्यावर पातेल्यातल्या चहाचा रंग बघूनच पत्ती ओळखत असाल. मी तेच करते, फक्त पातेल्याऐवजी कपात आणि साखर पडायच्या आधी.

न्यायाच्या तुलनेचा तुमचा मुद्दा सगळ्यांत वजनाचा आहे. दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना दोन वेगळ्या रीती लागतात. दोन काळ्या पत्त्यांपैकी कुठली सरस हे ठरवायचं असेल तर सगळं काटेकोर सारखं हवं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आयएसओ ३१०३ : दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, पाणी उकळतं, वेळ ६ मिनिटं. असा चहा प्यायला फार कडक लागतो, पण मालातले दोष त्यात लपत नाहीत. घरी वजनकाटा नसला तरी अडत नाही. एकाच चमच्याने सपाट माप, दोन सारखे कप, एकाच पातेल्यातलं उकळतं पाणी, वर बशी झाकायची आणि घड्याळ लावायचं.

पण काळी पत्ती आणि ग्रीन टी शेजारी ठेवायची तर तेच मोजमाप अन्यायाचं ठरतं. झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पुढच्या कामात. ग्रीन टीसाठी पान तोडल्यावर लगेच उष्णता देऊन तो विकर निकामी करतात. चीनमध्ये बहुतेक कढईत परततात, जपानात वाफ देतात. कॅटेचिन मग तशीच राहतात. त्यांवर रटरटतं पाणी ओतून सहा मिनिटं ठेवलं तर कडू काढा होणारच, आणि त्यावरून ग्रीन टी वाईट असा निकाल देणं म्हणजे जोंधळ्याच्या पिठाच्या पुऱ्या लाटून जोंधळ्याला नाव ठेवणं. पाणी ८० अंशांच्या आसपास आणि वेळ दोन-तीन मिनिटं, एवढ्यावर त्यातला गोडसर, भाजीसारखा ताजा वास हाताला लागतो. थर्मामीटरची काही गरज नाही. उकळी फुटली की गॅस बंद करून झाकण काढून पाच-सात मिनिटं थांबायचं, पुरेसं उतरतं. एवढं करूनही ती मला काळ्या पत्तीपेक्षा कमी आवडली, कारण आपल्या दुकानांतून मिळणारी बरीचशी ग्रीन टी जुनी झालेली असते. पिवळट-तपकिरी पडलेली, सुक्या गवताच्या वासाची. लिंबू-मधाचा स्वाद लावलेल्या पिशव्यांबद्दल बोलायलाच नको, त्यात पानाची चव उरतच नाही.

आता पाणी. मागच्या लेखात त्याला एकच परिच्छेद मिळाला होता, आणि तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य वाचून मला अख्खा लेख त्यावर लिहावासा वाटतोय. तुम्ही लिहिलंत, गाड्यावर कायम बोअरचं पाणी, त्यात नुसती पत्ती टाकली तर वर तवंग येतो आणि चहा मेल्यासारखा लागतो, म्हणून तुम्ही बारीक डस्ट घेऊन चांगला रटरटवायचात. काका, हे अगदी बरोबर होतं, आणि त्यामागचं कारणही पक्कं आहे. जड पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात. चहातल्या द्रव्यांशी मिळून त्यांचाच तो तवंग होतो. अशा पाण्यात चहाचा रंग गडद पण निस्तेज येतो आणि तरतरीतपणा मारला जातो. म्हणून जड पाण्याला कडक पत्ती लागते. डस्ट म्हणजे खालचा कचरा असं पुष्कळांना वाटतं, पण ती चाळणीतून वेगळी काढलेली बारीक प्रत आहे. दाणा बारीक म्हणून पाण्याला जास्त अंग लागतं, अर्क लवकर उतरतो. दक्षिणेत डस्ट जास्त चालते, महाराष्ट्रात दाणेदार पत्ती. आपल्या सीमाभागात दोन्ही एकाच दुकानात शेजारी शेजारी पोत्यांत असतात, हे आपलं भाग्य समजा.

बेळगाव शहरात आमच्या घरी राकसकोप जलाशयाचं पाणी येतं. पश्चिमेकडच्या डोंगराळ, पावसाळी भागातलं, हलकं. त्यात तीच डस्ट तुमच्याइतकी उकळली तर घशाला ओरखडे पडतात. पूर्वेकडे गोकाक, अथणीच्या बाजूला नातेवाइकांकडे बोअरच्या पाण्यात आमची नेहमीची आसामची दाणेदार पत्ती नेऊन केली, तर ती अगदी फिकी, कशाचीच नाही अशी लागली. पत्ती तीच, दूधही तसंच. म्हणजे तुमचा गाड्यावरचा चहा आणि माझा घरचा चहा हे दोन्ही आपापल्या पाण्याला शोभणारे आहेत, आणि ‘कुठली पत्ती चांगली’ हा प्रश्न पाणी सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. बोअरचंच पाणी असेल तर ते आधी चांगलं उकळून निवू द्यायचं, तळाला पांढरा साका बसतो, वरचं निवळ पाणी घ्यायचं. फरक पहिल्या घोटात कळतो. कोऱ्या चहात लिंबू पिळलं तरी तवंग जातो.

साठवणीचं एक सांगायचं राहिलं होतं. पत्ती वास आणि ओल दोन्ही शोषते. आपल्याकडच्या पावसात उघडा डबा आठवड्यात मऊ पडतो. चटणीच्या बरणीशेजारी, उदबत्तीच्या पुड्याशेजारी पत्ती ठेवू नका. निपाणीकडच्या वाचकांनी तर सुटी पत्ती घेताना दुकानात तंबाखू कुठे ठेवलाय तेही बघावं. सुटी पत्ती रंगवलेली आहे का हे बघायला ओल्या पांढऱ्या कागदावर चिमूटभर टाका. लगेच रंगाचे डाग पसरले, तर परत करा.

कषाय आणि गवती चहा या ओळीत का घेतले? कारण ते आपल्या घरात त्याच वेळी, त्याच कपातून प्यायले जातात. रात्री झोप येत नाही म्हणून ज्यांना चहा बंद केला त्यांच्यासाठी तेच उरतात. दोन्हींत कॅफीन नाही. ग्रीन टीमध्ये मात्र ते आहे, हे लक्षात घ्या, झोपताना ती पिणारे पुष्कळ दिसतात. गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्राल नावाच्या द्रव्याचा, आणि तो उडून जाणारा. म्हणून पात चुरून उकळत्या पाण्यात टाकली की गॅस बंद करून झाकायची. पाच मिनिटं रटरटवली तर वास स्वयंपाकघरात राहतो आणि कपात गवत उरतं. कषायाला धने, जिरे, बडीशेप, मिरे, सुंठ मंद भाजून घेतल्यावरच खरी चव. बिनसाखरेचा प्यायला या सगळ्यांत मला तोच सर्वांत सोपा गेला, बडीशेपेचा गोडवा पुरतो. दुधाचा कराल तर गूळ गॅस बंद केल्यावर घाला, नाहीतर दूध फाटतं. ओलं आलं घालत असाल तर ते आधी पाण्यात उकळवा, त्यातल्या विकरानेही दूध नासतं.

फायद्यांबद्दल मी लिहिणार नाही, काका, तुम्ही कितीही आग्रह केला तरी. ग्रीन टीने शुगर उतरते म्हणून कोणी गोळी सोडली तर त्याची जबाबदारी माझी होईल. त्याच ग्रीन टीचा अर्क गोळ्यांतून मोठ्या प्रमाणात घेतला तर यकृताला धोका असू शकतो, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला आहे. कपातून पिणं वेगळं, पण ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे खरं नाही, एवढं त्यातून दिसतं. आरोग्याची एकच गोष्ट मी ठामपणे सांगते. काळा असो की हिरवा, चहा जेवणाबरोबर घेतला की धान्य-भाजीतलं लोह अंगी लागणं कमी होतं. आपल्या भागात सकाळी चहा-चपातीवर अख्खी दुपार काढणाऱ्या बायका घरोघरी आहेत, आणि रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्याही त्यांनाच चालू असतात. ती गोळी चहाबरोबर घेऊ नका, जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. हे तुमच्या घरीही नक्की सांगा.

आता माझी एक मागणी. तुमच्याकडे अजून तीच डस्ट असेल तर दोन कप करा. एक बोअरच्या पाण्याचा, दुसरा उकळून निवळलेल्या पाण्याचा. दोन्हीकडे चमचा तोच, वेळ सहा मिनिटं. आधी कोरा चाखा, मग दूध घाला. डस्ट दक्षिणेतली की आसामची हे दुकानदाराला विचारून ठेवा आणि दूध घातल्यावर दोन्हींचा रंग कसा झाला ते इथेच लिहा. तीस-चाळीस कप एका आधणात उतरवणाऱ्या माणसाची नजर या कामात मला हवी आहे.