'सही केली म्हणजे एनओसी दिली' हे खोटं आहे, म्हापशातल्या मीटिंगबद्दल खुलासा

व्हॉट्सॲपवर फिरतंय की वाड्याशेजारच्या नव्या बिल्डिंगच्या मीटिंगला जो सही करेल त्याने एनओसी (ना हरकत दाखला) दिली, आणि नंतर आतलं गार्डन सगळ्या वाड्याला ओपन. दोन्ही चूक. तो हजेरीचा कागद आहे, तरी वर काय लिहिलंय ते वाचूनच सही करा, हवं तर बाजूला 'फक्त उपस्थित' लिहा, पण बांधकामाचा परवाना नगरपालिका देते, आपली हजेरी नाही. आणि ग्रामसभेत अडवू म्हणणाऱ्यांनो, म्हापशात ग्रामसभा कुठली, ती पंचायतीत. आक्षेप लेखी द्या आणि पोच घ्या.

आता गार्डन. २०१६ च्या रेरा कायद्यात (बिल्डर-फ्लॅटवाल्यांच्या व्यवहारांचा कायदा) ते कॉमन एरिया, म्हणजे फ्लॅटवाल्यांच्या सोसायटीकडे जाणारं, आणि मंजूर लेआउट बदलायचा तर दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते, शेजाऱ्यांची नाही. त्यामुळे 'तुमची पोरं पण खेळू देत' असं बिल्डर तोंडाने कितीही गोड बोलला तरी कागदावर नसेल तर उद्या वॉचमन गेटवरूनच परत पाठवणार (आणि त्याचा बिचाऱ्याचा काय दोष). झाडं तोडायलाही वेगळी परवानगी लागते, गोव्यात १९८४ पासून कायदा आहे, तेव्हा तो कोपऱ्यातला आंबा राहतोय का ते मीटिंगमध्ये विचाराच.