बॅक ऑफिसच्या मुलाखतीसाठी पैसे भरायचे नसतात

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: विजयनगरमध्ये बॅक ऑफिसची भरती आहे, मुलाखतीआधी नोंदणीचे पैसे भरा, निवड झाली नाही तर परत मिळतील. हे साफ खोटं आहे. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, ओटीपी तर मुळीच मागत नाही.

खऱ्या मुलाखतीत बहुधा संगणकासमोर बसवतात. टायपिंगचा वेग बघतात, त्याहून जास्त अचूकता. एक्सेलमधली यादी देऊन दुबार नोंदी शोधायला सांगतात. मुलांनो, सराव याचा करा. फाडफाड इंग्रजी आलंच पाहिजे असं नाही.

कुणी पैसे भरले असतील तर लाजू नका, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवून आत्ताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार लवकर गेली तर रक्कम पुढे सरकण्याआधी रोखता येते.