हे आता धरत नाहीत

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबण लागणार आहे. ज्यांना सुपरहिरो म्हणजे पोरखेळ वाटतो त्यांनी इथूनच पुढे सरका.

भाचा राहायला आलाय. तेरा वर्षांचा. जुन्या कॉमिक्सचा खोका मीच कौतुकाने त्याच्यासमोर ठेवला. त्याने ऑरॅकलचा अंक उचलला, दोन पानं उलटली आणि म्हणाला, "मामा, हे आता धरत नाहीत."

धरत नाहीत! नो बॉलवरची विकेट धरत नाहीत हे मला ठाऊक आहे. वाचून झालेली गोष्ट कशी काय धरत नाहीत?

आणि पोराचं काही चुकलेलं नाही, हाच तर वैताग आहे. तो शिकला ते हे अंक काढणाऱ्या डीसी कंपनीकडूनच शिकला. रीबूट म्हणतात त्याला, म्हणजे आधीचं सगळं पुसायचं आणि गोष्ट नव्याने सुरू करायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बार्बरा गॉर्डन म्हणजे बॅटगर्ल. १९८८ साली जोकर तिच्या दारात येतो आणि दार उघडल्या उघडल्या गोळी घालतो. का, तर तिच्या बापाला वेड लागावं म्हणून. तिचा स्वतःचा त्या गोष्टीत संबंधच नाही. कंबरेखाली सगळं गेलं आणि पात्र अडगळीत पडलं. पुढच्याच वर्षी किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या नवरा-बायकोने तिला व्हीलचेअरसकट परत आणलं. नाव ऑरॅकल. समोर कॉम्प्युटर, एकदा वाचलेलं न विसरणारं डोकं, आणि अर्धे सुपरहिरो तिला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत.

आता आमची ताई. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, लहानपणीच पोलिओ झालेला. संध्याकाळी ती कॅलिपर काढून ठेवायची तेव्हा बुटासकट तो भिंतीला टेकून एकटाच उभा असायचा, वरचा चामडी पट्टा वाकलेला, जणू कुणीतरी पाय विसरून गेलंय. मी सातवीत होतो, ती अकरावीत, तेव्हा कुठून तरी हातोहात फिरत ऑरॅकल आणि ब्लॅक कॅनरी नावाच्या लढवय्या नायिकेचा पहिला अंक आमच्याकडे आला. त्यात ऑरॅकल कॅनरीच्या कानात बोलत असते, उजवीकडे वळ, मागे बघ. कॅनरीने तिला पाहिलेलंसुद्धा नसतं. खुर्ची दिसतच नाही कुणाला. तिकडे पोचतो तो फक्त आवाज, आणि तो आवाज हुकूम सोडतो.

ताईला हे फारच मानवलं. पुढची दोन वर्षं ती खाटेवर बसून बंद पडलेल्या फोनचा रिसीव्हर कानाला लावायची आणि मी घरभर पळायचो. "कॅनरी, माळ्यावरची निळी पिशवी. कॅनरी, आई येतेय, पुस्तक लपव." हो, ब्लॅक कॅनरी मी होतो. हसा.

मग आलं २०११. डीसीने सगळं गुंडाळलं आणि सप्टेंबरात बावन्न मालिका एक नंबरपासून नव्याने सुरू केल्या. १९३८ पासून चालत आलेला अ‍ॅक्शन कॉमिक्स ९०४ वर होता, तो परत १ वर. म्हणे जगात सुपरहिरो येऊन जेमतेम पाच वर्षं झालीत. पाच वर्षांत बॅटमॅनचे चार रॉबिन, म्हणजे सोबत लढणारी पोरं, झाले! एवढ्या वेगाने तर कुणी शिकवणीचा मास्तरही बदलत नाही.

सुपरमॅनची लाल चड्डी गेली. हसू नका, ती गेल्याचा मला खरंच राग आलाय. ती सर्कशीतल्या पहिलवानाची चड्डी होती, त्या पेहरावाचा उगमच तो. पोराने खडूने काढला तरी ओळखू येईल असा माणूस होता तो. त्याला उंच कॉलरचं चिलखत चढवलं, जागोजागी शिवणीच्या रेघा मारल्या. अरे, ज्याला गोळी लागत नाही त्याला चिलखत कशाला? चड्डी परत यायला २०१८ उजाडलं, हजारावा अंक निघाला तेव्हा. लोइसशी १९९६ मध्ये झालेलं लग्नही गायब. मोडलं असं नाही हं. झालंच नव्हतं.

आणि बार्बरा उठून चालायला लागली. खुर्चीत ती फक्त तीन वर्षं होती म्हणे. आम्ही बावीस वर्षं वाचलं, त्याचा यांनी तीन वर्षांचा आजार करून टाकला. तोवर बॅटगर्ल असलेली स्टेफनी ब्राऊन कुठे गेली हे कुणी सांगायचीही तसदी घेतली नाही. नवी मालिका गेल सिमोनने लिहिली, जिने आधी वर्षानुवर्षं ऑरॅकल लिहिली होती, आणि मन लावून लिहिली, हे मान्य. पण झपाटलेल्या घरात खून, दरोडा, परग्रहावरचं आक्रमण काहीही पचवणाऱ्या त्या विश्वात बसून काम करणारी एक बाई तेवढी यांना जड झाली?

मार्व्हलवाले काही कमी नाहीत. पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, आणि मेरी जेनचं लग्न १९८७ चं. २००७ मध्ये मे काकूचा जीव वाचवायला ते सैतानाला देऊन टाकलं. वीस वर्षांचा संसार! त्यापेक्षा भांडून वेगळे झालेले दाखवले असते तर चाललं असतं मला. रडलो असतो, पण चाललं असतं. घटस्फोट झाला तरी लग्न झालं होतं हे तर उरतं ना.

आता कुणीतरी कमेंटमध्ये येणार की सर, तुमचा लाडका फ्लॅशसुद्धा रीबूटच आहे. आहे. १९५६ मध्ये बॅरी अ‍ॅलन हा नवा फ्लॅश आला तो जुन्या फ्लॅशला, जे गॅरिकला, बाजूला सारूनच. आणि १९३८ चा सुपरमॅन उडतही नव्हता, नुसता उड्या मारायचा. ठीक आहे, बदल होतात, मी काही दगड नाही. पण १९६१ मध्ये त्यांनी काय केलं बघा. बॅरी दुसऱ्या पृथ्वीवर जातो आणि तिथे जे गॅरिक भेटतो, वय झालेला, लग्न झालेला. नवा आला म्हणून जुन्याला पुसलं नाही, शेजारी घर दिलं. एवढीच अपेक्षा होती हो.

हे इथवर लिहीत होतो तेवढ्यात ताईचाच फोन आला, पोरगा जेवला का विचारायला. मी तावातावाने सगळं ऐकवलं. तुझा मुलगा असं असं म्हणाला. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "एक सांगू? नव्या अंकात ती पळताना पाहिली ना, तेव्हा दोन मिनिटं मला बरं वाटलं होतं. मग राग आला. आधी बरं वाटलं म्हणून जास्तच आला."

इतक्या वर्षांत हे बोलली नव्हती कधी. मी नुसता हं म्हणालो. मघापासून तिच्या वतीने भांडतोय असा माझा समज होता, आणि तिला विचारायचं राहूनच गेलं होतं. वरचं काही खोडत नाही, राग आहे तसा आहे. पण ती दोन मिनिटं मला आता कुठे बसवायची कळत नाहीये.

नंतर पुढे हेही म्हणाली की खोक्यातला तो अंक तिचा आहे, माझा नाही, आणि पोराला सांग पानं दुमडू नकोस. आत जाऊन पाहिलं. पहिल्या पानावर लाल पेनाने नाव तिचंच आहे. भाचा पालथा पडून तोच अंक वाचत होता, शेवटची चार पानं राहिली होती. मी काही बोललो नाही. पानाचा कोपरा मात्र दुमडलेला आहे.