नेट स्वस्त आहे, पण बंद पडलं तर नुकसान कोणाचं?

२०२४ च्या जुलैमध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया तिघांनी लागोपाठ दर वाढवले, जिओचा रोज दीड जीबीवाला २८ दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ वर गेला, तेव्हापासून आमच्या घरात जो वाद सुरू झालाय तो आजपर्यंत थांबलेला नाही. मामेभाऊ म्हणतो सगळ्यांनी बीएसएनएलला पोर्ट करा, त्याशिवाय यांना अद्दल घडणार नाही. काका म्हणतात, अरे जगातल्या सगळ्यात स्वस्त नेटमध्ये आपला नंबर लागतो, २०१६ च्या आधी एका जीबीला अडीचशे रुपये मोजत होतो ते विसरलास का, आणि मग हमखास पुढचं वाक्य येतं, "विचार तुझ्या ताईला, जर्मनीत किती पडतं ते." म्हणजे साक्ष द्यायला मी. तर देते, पण काकांना हवी तशी ती होणार नाही आणि भावाला हवी तशी पण नाही.

मी कार्ल्सरूहजवळच्या एका गावात राहते. जर्मनीतला पहिला ईमेल १९८४ च्या ऑगस्टमध्ये याच कार्ल्सरूहच्या विद्यापीठात पोचला होता, आणि तिथून थोड्याच अंतरावर माझ्या घरात नेट अजूनही टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून येतं. महिन्याला चाळीस युरोच्या आसपास. करार चोवीस महिन्यांचा. कागदावर १०० एमबीपीएस लिहिलेलं असतं, रात्री आठनंतर सगळा मजला पिक्चर बघायला बसला की त्याचं काय होतं ते विचारू नका. ट्रेनमधून आईला फोन लावला तर दोन बोगदे आणि एक जंगल एवढ्यात तीनदा तुटतो. सांगलीच्या माझ्या माहेरी साडेपाचशे रुपयांत याच्यापेक्षा चांगलं फायबर, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यावरचं नेट, चालतं, हे मी इथल्या सहकाऱ्यांना सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही.

एवढ्या श्रीमंत देशात हे असं का, याचं कारण जुनं आहे. १९८१ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या सरकारने देशभर फायबर टाकायचं ठरवलं होतं, चांगला तीस वर्षांचा कार्यक्रम होता. पुढच्याच वर्षी सरकार बदललं, हेल्मुट कोल आले आणि पैसा वळला केबल टीव्हीच्या तांब्याच्या केबलकडे. त्यानंतर टेलिफोन कंपनीनेही खोदाईचा खर्च टाळायला जुन्या तारेतूनच जास्त स्पीड काढायचं तंत्र वापरलं. वर २००० साली थ्री-जीच्या लिलावात सरकारने कंपन्यांकडून जवळपास ५० अब्ज युरो काढून घेतले, मग टॉवर उभे करताना सगळ्यांचे हात आखडले. भारतात उलट झालं, घरोघर तांबं पोचलंच नव्हतं म्हणून आपण थेट मोबाईलवर आणि फायबरवर गेलो. यात आपली हुशारी थोडी आणि उशिराचा फायदा जास्त, हे पण कबूल करायला पाहिजे.

इथपर्यंत काका खूश. आता पुढचं.

इथे नवीन लाईन घेतली की टेक्निशियनची तारीख मिळते, वेळ मिळते "सकाळी आठ ते दुपारी एक". म्हणजे अर्धा दिवस सुट्टी टाकून बसायचं. दाराच्या बेलवर नाव नसेल तर तो वर न येताच निघून जातो आणि कंपनीच्या रेकॉर्डवर तुम्ही घरी नव्हता. माझ्याकडे एकदा टेक्निशियन आलाच नाही. मी दिवसभर खिडकीत. पण त्यानंतर जे झालं ते मला महत्त्वाचं वाटतं. डिसेंबर २०२१ पासून इथल्या टेलिकॉम कायद्यात लिहिलंय की ठरलेल्या वेळेला माणूस आला नाही तर ग्राहकाला १० युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या २० टक्के, यातलं जे जास्त असेल ते मागता येतं. मी चार ओळींचं पत्र लिहिलं, पुढच्या बिलात पैसे वजा होऊन आले. ओळख नाही, आरडाओरडा नाही, "साहेबांशी बोलायचंय" नाही. तसंच लाईन पूर्ण बंद पडली आणि तक्रारीनंतर दोन दिवसांत सुरू झाली नाही, तर तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे रोज ५ युरो किंवा बिलाच्या १० टक्के, पाचव्या दिवसापासून रोज १० युरो किंवा २० टक्के. आता हिशोब करा, चाळीस युरोच्या प्लॅनवर पाचव्या दिवसापासून रोज दहा युरो! आठवडा गेला तर महिन्याचं बिल कंपनीच्याच अंगावर येतं. म्हणजे उशीर करणं कंपनीला परवडत नाही, सगळी गोम तिथेच आहे.

स्पीड कमी मिळत असेल तर त्याचीही सोय आहे. सरकारी नियामकाचं मोजमापाचं ॲप आहे, लॅपटॉप केबलने राउटरला जोडायचा आणि वेगवेगळ्या तीन दिवशी मिळून तीस वेळा मोजायचं. किचकट आहे, कोणी प्रेमाने करावं असं काम नाही, पण शेवटी जो कागद हातात येतो त्यावर बिल त्या प्रमाणात कमी करता येतं नाहीतर करार तोडता येतो. आणि जुलै २०२२ पासून ऑनलाईन करार विकणाऱ्या प्रत्येक वेबसाईटवर करार रद्द करायचं बटण सक्तीचं झालंय, त्याआधी लोक त्यासाठी फॅक्स पाठवत होते.

आता सांगली. आमच्या भागात नेट केबलवाल्याकडून. काळी वायर विजेच्या खांबावरून, आंब्याच्या फांदीवरून, समोरच्यांच्या गच्चीवरून घरात येते. उसाचा सीझन सुरू झाला की कारखान्याला जाणाऱ्या ट्रॉल्या इतक्या उंच भरलेल्या असतात की एखादी वायर ओढून नेतातच. गेल्या खेपेला मी घरी असताना हेच झालं. तासाभरात केबलवाल्याचा पोरगा मशीन घेऊन आला, जिन्यात मांडी घालून बसला, वायरचं काळं कव्हर सोललं, आतला केसासारखा धागा स्पिरिटने पुसला, दोन्ही टोकं सरळ कापून मशीनमध्ये ठेवली, छोट्या स्क्रीनवर ती टोकं एकमेकांसमोर आली, बारीकशी ठिणगी, जोडलं. चहा घेतला आणि गेला. असं काम जर्मनीत तासाभरात होईल हे मी स्वप्नातही बघणार नाही, त्या पोराच्या हाताचं मला मनापासून कौतुक आहे.

पण तो तासाभरात आला कारण त्याचे वडील आणि माझे बाबा एका शाळेत. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहते, घरून काम करते पुण्यातल्या एका ऑफिसचं, तिची लाईन तीच ट्रॉली गेली तेव्हा तुटली होती आणि ती जोडायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत तिने मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम केलं, रोजचा डेटा दुपारी संपायचा, वरचा डेटा विकत घेतला, एक मीटिंग बुडाली, बॉसचं ऐकून घेतलं. आणि महिन्याचे पैसे तर आधीच भरलेले. तिला एक रुपया परत मिळाला नाही आणि मागायचा कोणाकडे हेही तिला माहीत नव्हतं. आपण ज्याला स्वस्त म्हणतो ना, त्यातले हे पैसे कोणीच धरत नाही.

नियम अजिबात नाहीत असं नाही. ट्रायने, म्हणजे आपल्याकडच्या टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने, २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. मोबाईल नेटवर्क अख्ख्या जिल्ह्यात २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर ग्राहकांना बिलात सूट किंवा वाढीव मुदत, आणि घरात तारेने येणाऱ्या लाईनची दुरुस्ती तीन दिवसांच्या वर गेली तर भरपाई. चांगलं पाऊल आहे, पण बघा, पहिल्यात अट आहे जिल्ह्याची. सांगली जिल्हा म्हणजे शिराळ्यापासून जतपर्यंत, एका गावाचा टॉवर आठवडाभर मेला तरी जिल्हा चालूच असतो. दुसऱ्यात पहिले तीन दिवस कंपनीला माफ, आणि आमच्याकडे केबलवाल्याला पैसे आधी द्यायचे, नंतर नेट. शिवाय सूट म्हणजे काय, न मिळालेल्या सेवेचे पैसे परत, दंड नव्हेच. साडेपाचशेच्या प्लॅनवर दिवसाला अठरा रुपये परत देऊन कुठली कंपनी लाईनमन वाढवेल?

आणि तक्रारीची वाट बघा. आधी कंपनीचं कॉल सेंटर, तिथे नंबर घ्यायचा, समाधान नाही झालं तर अपील, ते अपीलही कंपनीच्याच अधिकाऱ्याकडे. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. २००९ च्या एका निकालामुळे टेलिकॉमच्या तक्रारींना ग्राहक मंचाचा दरवाजाही बंद झाल्यासारखा होता, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उघडला हे फार मोठं काम झालं, पण साडेपाचशे रुपयांसाठी मंचात कोण जाणार, वकिलाची फी कोण देणार.

किमतीबद्दल मामेभाऊ अगदीच चुकीचा नाही हेही सांगते. रुपयाचा युरो करून तुलना करायची सवय सोडली पाहिजे. २०२५ मध्ये जर्मनीतलं किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं, म्हणजे माझं महिन्याचं घरचं नेट साधारण तीन-सव्वातीन तासांच्या सगळ्यात कमी पगाराच्या कामाचं. स्वस्त प्रीपेड मोबाईल पॅक तर एका तासात निघतो. आमच्याकडे भांगलणीला जाणाऱ्या बाईला २९९ चा पॅक म्हणजे जवळपास अख्ख्या दिवसाची हजेरी. तिला स्वस्त नेटचं भाषण ऐकवू नये. हां, २८ दिवसांच्या महिन्यावरून मात्र भाऊ उगीच तापतो, इथल्या किराणा दुकानात मिळणारी प्रीपेड सिमकार्डं पण चार आठवड्यांचीच असतात, वर्षाला तेरा रिचार्ज ही युक्ती दोन्हीकडे सारखी. माझ्या आईला फक्त फोन करायचा असतो, तरी वर्षानुवर्षं ती रोजच्या जीबींचे पैसे भरत होती, डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक द्यायला लावले तेव्हा कुठे तिची सुटका झाली.

पण बीएसएनएलला पोर्ट करून धडा शिकवायचा, हे पुरेसं नाही. दरवाढीनंतर लाखो लोक गेले आणि नेटवर्क लागत नाही म्हणून बरेच परतही आले. तीन खासगी आणि एक सरकारी कंपनी, त्यातली एक कर्जात बुडालेली, अशा बाजारात निघून जाण्याची धमकी फार चालत नाही. म्हणून तर कायद्याने ठरवलेल्या भरपाईची गरज.

मधेच एक, दोन्हीकडच्या कंपन्या सध्या एकच गाणं गातायत. ट्रॅफिक यूट्यूब-नेटफ्लिक्सचा, खर्च आमचा, तर त्यांनी आम्हाला पैसे द्यावेत. भारतात टेलिकॉम कंपन्यांची संघटना हेच मागते, युरोपात २०२३ मध्ये यावर युरोपियन कमिशनने मतं मागवली होती. माझं स्पष्ट मत, देऊ नये. तो व्हिडिओ मागवणारे आपण आहोत आणि त्याचे पैसे आपण दर महिन्याला भरलेत. दक्षिण कोरियात असे पैसे घेतात, तिथून ट्विच हे लाईव्ह व्हिडिओचं ॲप २०२४ मध्ये खर्च परवडत नाही म्हणत निघून गेलं.

तर माझी मागणी साधी आहे आणि ती दरांची नाही. लाईन बंद पडल्याची तक्रार नोंदवली की दोन दिवस माफ, तिसऱ्या दिवसापासून महिन्याच्या प्लॅनच्या दहा टक्के रोज, साडेपाचशेवर पंचावन्न रुपये, लाईन प्रीपेड असो की पोस्टपेड, जिल्हा चालू असो की बंद. इथल्यासारखं पत्र पण लिहायला लावू नका, रिचार्जची मुदत संपल्याचा मेसेज जसा वेळेवर येतो तसेच हे पैसे आपोआप खात्यात यावेत. आणि हे केबलवाल्याच्या मागे असलेल्या लायसन्सवाल्या कंपनीने द्यायचे, जिन्यात बसून जोडणाऱ्या पोराच्या कमिशनमधून कापायचे नाहीत, हे नियमातच लिहा, नाहीतर पहिला बळी तोच जाईल. ट्राय नियम करण्याआधी लोकांची मतं मागवते, २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे कंपन्यांनी सगळ्या साईटना सारखंच वागवावं म्हणून, दहा लाखांच्या वर ईमेल गेले होते आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये साईटप्रमाणे वेगळे दर लावायला बंदी आली, म्हणजे हे होत नाही असं नाही. काका म्हणतील, मग कंपन्या प्लॅन महाग करतील. करतील कदाचित, वीस-तीस रुपयांनी. ते मी आईबाबांच्या लाईनसाठी आनंदाने भरेन, आणि वरच्या मजल्यावरच्या त्या मुलीला विचारलं तर तीही भरेल.