किनाऱ्यालगतचे जंगल: एका प्रतिक्रियेस उत्तर

महोदय,

मांडवा ते दाभोळ या दुचाकी प्रवासाच्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: मी ज्याला किनाऱ्यालगतचे जंगल म्हटले, ती आंबा-काजूची आणि अकेशियाची लागवड आहे, म्हणून ते वाक्य काढून टाकावे, अंधार पडल्यावर फणसाड अभयारण्याजवळून बुलेट नेणे बेजबाबदारपणाचे आहे, आणि पेट्रोलपंपांची माहिती लेखात नाही. एवढ्यावर आपण थांबला असता, तर हे उत्तर दोन ओळींत संपले असते. परंतु आपण पुढे लिहिलेत, "मुंबईकर बायकरला चार झाडे एकत्र दिसली की जंगल वाटते." हा आक्षेप नव्हे, टोमणा आहे, आणि तो ऐकून घेऊन गप्प बसण्याइतका मोठेपणा माझ्या अंगी नाही.

मी गिरगावात राहतो, हे खरे. मात्र आमचे मूळ घर आणि नारळी-पोफळीची वाडी श्रीवर्धन तालुक्यात आहे, आणि शाळेत असताना मे महिन्याची सुट्टी मी किनाऱ्यावर हिंडण्यात नव्हे, तर त्या वाडीत पाटाचे पाणी वळवण्यात घालवलेली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा काही तासांत पिढ्यांनी जोपासलेले माड आडवे झाले. टाळेबंदीत प्रवासाची परवानगी मिळताच तेथे जाऊन पडलेली झाडे कापणाऱ्यांत मी होतो. हे सांगण्याची वेळ यावी, याचेच मला वाईट वाटते. वाडी कशाला म्हणतात आणि रान कशाला म्हणतात, हे मला माझ्या पत्त्यावरून शिकवू नये, एवढीच विनंती.

आता त्या वाक्याविषयी. ते वाक्य संपूर्ण प्रवासाबद्दल नाही, तर काशीद ते नांदगाव या टप्प्याबद्दल आहे, हे लेख शेवटपर्यंत वाचणाऱ्याच्या लक्षात यायला हरकत नव्हती. दक्षिणेकडे जाताना तेथे उजव्या हाताला समुद्र असतो आणि डावीकडे फणसाडचे डोंगर. जंजिरा संस्थानच्या नबाबांचे हे शिकारीचे रान. १९८६ मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे ५४ चौरस किलोमीटर आहे. ऐन, जांभूळ, अंजनी आणि कुडा यांच्यातून मनगटापेक्षा जाड गारंबीचे वेल चढलेले दिसतात, आणि जनावरे ज्या पाणवठ्यांवर येतात त्यांना तेथील लोक गाण म्हणतात. येथे शेकरू आहे. एकमेकांत गुंतलेल्या उंच फांद्यांवरूनच वावरणारा हा प्राणी तुमच्या म्हणण्याप्रमाणे काजूच्या बागेत राहत असेल, तर त्याने ते वन विभागाला अजून कळवलेले दिसत नाही.

दिघीच्या पुढची गोष्ट वेगळी आहे, हे मी स्वतःहून मान्य करतो. दिवेआगरच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडे माणसाने लावलेली आहेत, गावातील माड-पोफळीही लावलेल्या आहेत, आणि दापोलीकडे जाताना अकेशियाची लागवड ठिकठिकाणी दिसते. परंतु त्यांपैकी कशालाही मी जंगल म्हटलेले नाही. तुम्ही बागमांडला-वेश्वी फेरीबोटीनंतरचा रस्ता डोळ्यांपुढे ठेवून काशीदच्या वाक्याला उत्तर दिले आहे, आणि माझी शंका अशी की तो रस्ताही तुम्ही काचा बंद करून, एसी लावूनच पाहिला असावा. दुचाकीवर बसलेल्या माणसाला ही उपमा-उत्प्रेक्षांची बाब नसते. डांबराची झळ सोडून दाट झाडीखाली शिरताच हवा बदलल्याचे त्याला हातांच्या बोटांपर्यंत कळते, आणि ओल्या पाचोळ्याचा वास हेल्मेटच्या आत येतो. वाडीतल्या सावलीला तो वास नसतो. दोन्ही ठिकाणी वाढलेल्या माणसाने हे लिहिले आहे, तेव्हा ते निदान तपासून पाहण्याइतके तरी खरे मानायला हवे होते.

'बायकर' या संबोधनाबद्दल फार लिहीत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवणारा प्रत्येक जण चामड्याचे जाकीट घालून रील काढायलाच निघालेला असतो, असा समज असेल तर तो तुमच्याजवळ राहो.

राहिला प्रश्न रात्रीच्या प्रवासाचा. माझ्या गाडीचा सायलेन्सर मूळचाच आहे, वेग बेताचा होता आणि तो सार्वजनिक रस्ता आहे; त्याच रस्त्याने एसटी आणि पर्यटकांच्या मोटारीही जातात, त्यांना तुम्ही काही लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. रस्ता रात्री बंद असावा असे वाटत असेल, तर तसे वन विभागाला कळवावे. या विषयावर माझ्याकडून याहून अधिक काही नाही.

पेट्रोलपंपांची सूचना मात्र रास्त आहे. ती माहिती या आठवड्यात लेखाच्या शेवटी जोडतो. काशीदचे वाक्य जसेच्या तसे राहील, आणि तुमची प्रतिक्रियाही, तिच्यातील त्या ओळीसह, मी काढलेली नाही, याची नोंद घ्यावी.