धार आणि झोप : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुरुषांच्या मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवीचा त्रास होतो, तेव्हा तिच्या धमन्या (रक्त पुरवणाऱ्या नळ्या) बंद करण्याच्या उपचारावरील माझ्या लेखावर आपण घेतलेले आक्षेप मी दोनदा वाचले. आपण अकरा वर्षांपूर्वी दुर्बिणीने शस्त्रक्रिया करून घेतलीत आणि लघवीची धार आजही उत्तम आहे. असे असताना ‘चिरफाड नाही आणि गुण मात्र तितकाच’ असे लिहून मी नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवणाऱ्या वयस्कर मंडळींना एका महागड्या प्रयोगाच्या नादी लावतो आहे, शिवाय या उपचारात तपासणीसाठी ग्रंथीचा तुकडाच निघत नसल्याने कर्करोग झाकला जाऊ शकतो, असे आपले म्हणणे. त्यातला ‘गुण तितकाच’ या शब्दांवरचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि ते शब्द मी लेखातून काढले आहेत. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र थोडे सविस्तर लिहावे लागेल.

स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलेन येथे १०३ रुग्णांवर या दोन उपचारांची थेट तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. लघवीच्या त्रासाची तीव्रता मोजण्यासाठी ३५ गुणांची जी प्रश्नावली वापरतात, तिच्यातले गुण बारा आठवड्यांनंतर धमनी बंद केलेल्यांत सुमारे ९ ने, तर शस्त्रक्रिया झालेल्यांत सुमारे ११ ने उतरले. म्हणजे रुग्णाला जाणवणाऱ्या त्रासात फार मोठे अंतर नव्हते. धारेचा वेग मात्र पहिल्या गटात सेकंदाला ५ मिलिलिटरने वाढला आणि दुसऱ्यात १५ ने. पुढे दोन वर्षांच्या आत पहिल्या गटातल्या साधारण पाचांपैकी एकाला शेवटी शस्त्रक्रिया करावीच लागली. धारेच्या बाबतीत आपण म्हणता ते खरेच आहे.

हे असे का होते, ते उपचाराच्या पद्धतीतच आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मूत्रमार्गाला दाबणारा ग्रंथीचा भाग आतून खरवडून काढतात, त्यामुळे वाट त्याच दिवशी मोकळी होते. इथे मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी आत सरकवून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, प्रोस्टेटला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्यांपर्यंत पोहोचतात आणि मिलिमीटरच्या अर्ध्याहूनही लहान कण सोडून तो पुरवठा तोडतात. ग्रंथी मग काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, मऊ पडते आणि आक्रसते. वाट कोरली जात नाही, तिच्यावरचा दाब तेवढा ओसरतो. मूत्राशयाचे स्नायूच थकलेले असतील, तर ग्रंथी आक्रसूनही फारसा उपयोग होत नाही.

माझ्या लेखामागे माझ्या थोरल्या काकांचा अनुभव होता. वय ७९, हृदयात दोन स्टेंट, ग्रंथी शंभर ग्रॅमच्या वर आणि भूल देण्यास भूलतज्ज्ञ नाखूश. महालातल्या त्यांच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर काकू रोज सकाळी पेन्सिलीने रेघा ओढत: रात्री जितक्या वेळा काका उठले, तितक्या रेघा. उपचारापूर्वीच्या पानावर बहुतेक चौकटींत पाच-सहा रेघा आहेत. आता दोन असतात, क्वचित तीन. त्यांची धार आजही बेताचीच आहे, पण काकूंनी धार मोजलीच नव्हती. त्या दोघांनाही झोप हवी होती.

हे सगळे सुखासुखी झाले असे मात्र नाही, आणि लेखात मी हा भाग गाळला ही माझी चूक. ‘उद्या घरी’ असे सांगून रुग्णालयाने सोडले. जळजळ आणि कणकण होतीच, पण चौथ्या रात्री लघवी साफ तुंबली आणि डिसेंबरच्या थंडीत दोन वाजता आम्ही त्यांना रिक्षातून परत नेले. त्यानंतर लघवीची नळी दोन आठवडे राहिली. असे होऊ शकते हे आधी कोणी सांगितले असते, तर ती रात्र इतकी घाबरवणारी ठरली नसती.

आता ‘प्रयोग’ या शब्दाबद्दल. प्रोस्टेटमधून होणारा रक्तस्राव थांबवण्यासाठी केलेल्या या उपायाने लघवीचा त्रासही कमी झाल्याची नोंद २००० मधली आहे. मग ब्राझीलमध्ये साओ पाउलो येथे आणि पोर्तुगालमध्ये लिस्बन येथे तो मुद्दाम याच त्रासासाठी होऊ लागला. कोणते उपचार वापरावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये त्याला संशोधनापुरतीच मुभा दिली होती, ती अट २०१८ मध्ये काढली. प्रयोगाची अवस्था त्याने मागे टाकली आहे, पण अनुभवी हातांची गरज कायम आहे, कारण कण चुकून शेजारच्या मूत्राशयाच्या किंवा गुदाशयाच्या धमनीत गेले तर तिथे इजा होते.

कर्करोगाची आपली भीती रास्त असली, तरी तिचे दुसरे टोकही पाहावे. शस्त्रक्रियेत खरवडला जातो तो ग्रंथीचा आतला भाग, आणि कर्करोग बहुधा बाहेरच्या भागात सुरू होतो. त्यामुळे तुकड्याचा अहवाल स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. पीएसए ही रक्ततपासणी, गुदद्वारातून बोटाने तपासणी आणि गरज पडल्यास एमआरआय हे उपचारापूर्वीच व्हायला हवे, मग उपचार कोणताही असो. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही ग्रंथी लहान करणारी औषधे सहा महिने घेणाऱ्याचा पीएसए जवळजवळ निम्मा दिसतो, ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

खर्चाबाबत वाद नाही. एकदाच वापरता येणाऱ्या नळ्या आणि कण यांमुळे बिल फुगते. लेखी अंदाज आधी मागावा. वीर्य उलटे मूत्राशयात जाण्याचा प्रश्न शस्त्रक्रियेनंतर जास्त येतो, पण धमनी बंद केल्यावर तो मुळीच येत नाही असे नाही. आपल्याकडे यावर कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिले. लेसरने होणारी शस्त्रक्रिया काही रुग्णांत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू ठेवूनही होते, हेही मी लेखात लिहायला हवे होते. ती दुरुस्ती आज केली आहे, आणि चौथ्या रात्रीची हकीकतही जोडली आहे.

आपला,
लेखक